सोसायटी सर्व सभासद (फक्त कामाचे मेसेज)

शिंदे (ए-५०२): सर्वांना नमस्कार. वरचा फॉरवर्ड बघा. ‘देशातील सर्वात असुरक्षित शहर कोची, सर्वात सुरक्षित कोलकाता.’ आमच्या ऋतुजाला कोचीच्या इन्फोपार्कात (आयटी पार्क) जॉब लागलाय, एक तारखेला जॉइन व्हायचंय. हिचा रात्रभर डोळ्याला डोळा नाही. कोणाचं कोणी आहे का कोचीत?

गोखले (ए-२०१): सुप्रभात 🙏 आमच्या वेळी पुण्यात दाराला कडी लावत नसत.

पूजा (सी-६०४): काका, तुमच्या वेळी घरात न्यायला रेडिओ सोडून होतं काय? 😄

कुलकर्णी (ए-१०३): मागच्या गेटचा कॅमेरा बंद आहे.

बोबडे (सी-१०१): त्या यादीत नागपूर कितवं? विचारून ठेवतो. नंतर कोणी तरी ‘क्राइम कॅपिटल’ म्हणणारच.

जगताप सेक्रेटरी: ग्रुपचं नाव वाचावे ही विनंती.

चॅटर्जी (बी-७०१): कोलकाता नंबर वन. मी पंधरा वर्ष सांगतो, कोण ऐकत नाही. आता सरकार पण बोलला.

मोरे (बी-२०२): दादा, २०२४चं आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टरचं प्रकरण विसरलात?

चॅटर्जी: आणि फेब्रुवारी २०२५चा स्वारगेट डेपो तुम्ही विसरलात?

मोरे: मी फक्त विचारलं.

चॅटर्जी: मी पण फक्त विचारला.

वैद्य मॅडम (बी-३०४): शिंदे, आधी वहिनींना चहा द्या. फॉरवर्डमधले आकडे एनसीआरबीचे, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाचे आहेत आणि खरे आहेत. कोची ३१९२.४, दिल्ली २१०५.३, मुंबई ३५५.४, पुणे ३३७.१, कोलकाता ८३.९. लाख लोकसंख्येमागे नोंदलेले गुन्हे. ‘नोंदलेले’ हा शब्द फॉरवर्डवाल्याने खाल्लाय. आणि ‘ताजा अहवाल’ म्हणतो तो २०२३ सालचा, आला सप्टेंबर २०२५ अखेर.

शिंदे: म्हणजे कोची कोलकात्याच्या ३८ पट वाईट हे खरंच आहे की! मॅडम, तुम्ही तर सांख्यिकीत नोकरी केलीत.

वैद्य मॅडम: म्हणूनच ३८ पट असं म्हणत नाही. केरळात माणूस चौकीत जातो आणि चौकी लिहून घेते. लिहून सोडूनही देत नाहीत. २०२२ मध्ये आरोपपत्र दाखल होण्याचं प्रमाण तिथे ९६ टक्के होतं, देशात सगळ्यात वर. एकूण आकड्यात बेदरकार गाडी चालवल्याची केस एक आणि खूनही एकच. आपल्या हिंजवडी रोडवर तशा सगळ्या केसेस लिहायच्या ठरवल्या तर रजिस्टरं पुरायची नाहीत.

कुलकर्णी: मागच्या गेटचा कॅमेरा बंद आहे. १७ तारखेपासून.

मोरे: मॅडम, आकडा जास्त आला की ‘नोंदणी चांगली’ आणि कमी आला की ‘शहर चांगलं’, हे कसं काय? मग आकडे छापायचे कशाला?

वैद्य मॅडम: मोरे, रास्त प्रश्न. उत्तर असं की एकूण आकडा बाजूला ठेवायचा आणि लपवायला अवघड असा गुन्हा बघायचा. खून. प्रेत लपत नाही. नंतर गाडीचोरी, कारण विम्यासाठी एफआयआर लागतोच. विनयभंग, छेडछाड, मोबाईल यांच्या आकड्यांवरून शहरा-शहरांची तुलना करताना दहा वेळा विचार करायचा.

बोबडे: खून म्हटलं की आलंच आमचं नागपूर. काऊन जी मॅडम?

वैद्य मॅडम: मी नाव घेतलेलं नाही.

बोबडे: घेतलं नाही, पण वाटून राहिलं ना! नागपूरचा भाजक, म्हणजे दर काढताना धरलेली लोकसंख्या, २५ लाख, मुंबईचा १८४ लाख. आमच्याकडे चार खून जास्त झाले की दर उडी मारते, मुंबईला पत्ता बी लागत नाही. अन् वर राजकारणी तिथलेच, म्हणून पेपरवाले तिथेच बसलेले.

वैद्य मॅडम: हे मात्र बरोबर बोललात. लहान शहराचा एका वर्षाचा खुनाचा दर बघून काही ठरवू नये. चार-पाच वर्षं सलग बघावीत.

बोबडे: सेक्रेटरी साहेब, हे पिन करा.

जगताप सेक्रेटरी: पिन फक्त मेंटेनन्सची नोटीस आहे आणि राहील. सी-१०१, तुमचे दोन क्वार्टर बाकी आहेत.

बोबडे: हे पर्सनलवर सांगता आलं असतं.

पूजा: 🍿

मोरे: बरं, मग कोलकाता? तिथे लिहूनच घेत नसतील.

चॅटर्जी: प्रूफ?

वैद्य मॅडम: मोरे, पुराव्याशिवाय असं म्हणू नये. बंगालचंही आरोपपत्राचं प्रमाण २०२२ मध्ये ९० टक्क्यांवर होतं. पण चॅटर्जीदा, भाजक बघा. ८३.९ काढताना लोकसंख्या १४१ लाख धरलीय, म्हणजे हावड्यासकट सगळा महानगर परिसर. खुद्द महापालिकेची २०११ची लोकसंख्या ४५ लाख. आणि हावडा, बिधाननगर, बराकपूर यांची पोलीस आयुक्तालयं वेगळी आहेत. वर कोणाचे गुन्हे आणि खाली कोणाची माणसं, हे आधी जुळवून बघायचं.

मोरे: 😂😂 दादा, नंबर वन!

चॅटर्जी: थांबा. मी कॅल्क्युलेटर घेतो.

गोखले: आमच्या चाळीत एकदाच चोरी झाली, १९७१ साली. चोर आमच्याच आत्येचा मुलगा निघाला.

पूजा: मग नोंद?

गोखले: नोंद कसली, दोन कानाखाली दिल्या आणि जेवायला बसवला.

चॅटर्जी: झाला. सगळे गुन्हे फक्त ४५ लाखमध्ये टाकले तरी २६३ येतो. पुणे ३३७. तरी पण आम्ही खाली. मोरे साहेब, हसा.

वैद्य मॅडम: वा दादा! हे मीही करून बघितलं नव्हतं. आता पुण्याचंही ऐका. पुण्याचा भाजक ५०.५ लाख, तोही २०११च्या जनगणनेचा. त्यानंतर या वाकडमध्ये किती टॉवर उभे राहिले ते खिडकीतून दिसतं. गुन्हे २०२३चे, माणसं २०११ची. नुसती माणसं आजची धरली तरी दर ३३७पेक्षा खाली येईल.

बोबडे: आणि वाकड कुठे पुणे आहे? पोलीस आयुक्तालय पिंपरी-चिंचवडचं. २०१८ पासून.

मोरे: पत्त्यावर पुणेच लिहितो आपण.

बोबडे: फ्लॅट विकताना पुणे, पाणी नाही आलं की पिंपरी-चिंचवड!

जगताप सेक्रेटरी: टँकर ११ला येत आहे.

शिंदे: अहो, माझ्या मुलीचं काय? मला भाजक नको, सांगा पाठवू की नको.

तांबे काकू (बी-१०२): शिंदे भाऊजी, माझी भाची कोचीतच आहे. काक्कनाडला, इन्फोपार्कजवळ. नंबर पाठवते. ती म्हणते पावसाचा त्रास आहे आणि पोळी मिळत नाही, बाकी मजेत आहे.

शिंदे: काकू, फार उपकार. हिला दाखवतो.

वैद्य मॅडम: शिंदे, मुलीसाठी बघताना आणखी एक. ‘नारी’ नावाचा एका खासगी कंपनीचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला. ३१ शहरांतल्या १२,७७० बायकांना विचारलं, तुम्हाला किती सुरक्षित वाटतं. मुंबई वरच्या गटात आणि कोलकाता खालच्या गटात, दिल्ली-पाटण्याबरोबर. एकच शहर एका यादीत पहिलं, दुसऱ्यात तळाला. एकीकडे चौकीतला कागद मोजलाय, दुसरीकडे बाईच्या मनातली धाकधूक. मला विचाराल तर मुलीसाठी दुसरी यादी जास्त कामाची.

चॅटर्जी: मॅडम, तुम्ही आता पार्टी बदलला.

वैद्य मॅडम: मी पार्टीत नव्हतेच, दादा.

मोरे: आणि लॉकडाऊनच्या वर्षी तर देशात गुन्हे वाढलेले दाखवत होते. सगळे घरात बसलेले!

वैद्य मॅडम: हो, २०२०. २८ टक्के वाढ. त्यातलं बरंचसं कलम १८८, म्हणजे आदेश मोडून बाहेर फिरणं. आदल्या वर्षी त्या कलमाखाली साडेएकोणतीस हजार केसेस, त्या वर्षी सहा लाखांवर.

पूजा: म्हणजे आमचे बाबा दूध आणायला गेले तेव्हा गुन्हेगारी वाढली.

कुलकर्णी: मागच्या गेटचा कॅमेरा बंद आहे. माझ्या नातवाची सायकल १९ तारखेला तिथूनच गेली. कोणी एका शब्दाने विचारलं नाही. कोचीची काळजी सगळ्यांना.

तांबे काकू: अगंबाई! नवी लाल सायकल?

जगताप सेक्रेटरी: काका, ऑफिसात लेखी अर्ज द्या असं सांगितलं होतं.

वैद्य मॅडम: कुलकर्णी, पोलिसांत तक्रार दिलीत?

कुलकर्णी: कोण खेटे घालणार? मागे मोबाईल चोरीला गेला तेव्हा ‘गहाळ झाला असं लिहा, लवकर दाखला मिळेल’ म्हणाले. लिहिलं. दाखला मिळाला, मोबाईल नाही.

वैद्य मॅडम: झालं तर मग. आपल्या सोसायटीतून वर्षभरात सायकली गेल्या, मोबाईल गेला, शिवाय डी विंगच्या नळाच्या तोट्या. आणि चौकीत आपले गुन्हे शून्य. कोलकात्याला बोटं कशाला दाखवायची?

बोबडे: सेफेस्ट सोसायटी इन इंडिया! बोर्ड लावा जी गेटवर.

मोरे: मागच्या गेटवर लावा, तिथे कॅमेरा नाही 😂

जगताप सेक्रेटरी: कॅमेऱ्याचं कोटेशन आलं आहे. एजीएममध्ये मंजुरीनंतर. कुलकर्णी काकांबद्दल पूर्ण सहानुभूती.

कुलकर्णी: सहानुभूतीवर सायकल चालत नाही, जगताप.

(हा मेसेज डिलीट करण्यात आला)

पूजा: सेक्रेटरी काका, वाचला आम्ही.

वैद्य मॅडम: कुलकर्णी, उद्या दहाला चौकीत जाऊ. एफआयआरच घ्यायचा, ‘गहाळ’ नाही. दखलपात्र गुन्ह्याची नोंद टाळता येत नाही, ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय. सोबत आणखी कोण येतंय?

मोरे: उद्या ऑफिस आहे.

बोबडे: मी आलो असतो, पण आमचं आयुक्तालय नेमकं कोणतं ते आधी ठरू द्या.

चॅटर्जी: मी येतो. ड्राय फिश घ्यायला तिकडे जायचाच आहे.

शिंदे: मीही येतो. गाडी काढतो. पावणेदहाला खाली.

जगताप सेक्रेटरी: शिंदे साहेब, गाडी काढताना बी विंगचा पिवळा पट्टा सोडून. काल परत तिथेच लावली होती.