मदत हवी आहे: कार्यक्रमासाठी अजून एक रचना सुचवा

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या हौशी ऑर्केस्ट्रात लेक व्हायोला वाजवते. मे महिन्यात अमेरिकेतल्या वेगवेगळ्या समाजांच्या संगीताचा कार्यक्रम ठरलाय. कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकार फ्लॉरेन्स प्राइस यांची पहिली सिंफनी पक्की झाली. १९३३ साली शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने ती पहिल्यांदा वाजवली. तिसऱ्या भागात जुबा नाच आहे, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गुलामांचा नाच. गुलामांना ढोल वाजवायला बंदी असे, मग ते मांड्यांवर, छातीवर थापा मारून ताल धरत. लेक तोच ठेका जेवणाच्या टेबलावर धरते तेव्हा अंगावर काटा येतो.

आता मूळ अमेरिकन किंवा लॅटिन वंशाच्या संगीतकाराची दहाएक मिनिटांची रचना हवी आहे. चिकासॉ या मूळ अमेरिकन समाजातले जेरॉड टेट आणि लॅटिन वंशाच्या गॅब्रिएला लीना फ्रँक यांचं हौशी वादकांना झेपेल असं काय आहे? नुसत्या तंतुवाद्यांचं असलं तरी चालेल, हार्प मात्र नाही. कुणी वाजवलंय का? कार्यक्रमपत्रिका पंधरा दिवसांत छापायला जाते.