१/४ म्हणजे १.४? सोसायटी ग्रुपवरची संध्याकाळ

ईशानची आई (बी-२०४): पाचवी-सहावीच्या पालकांनो, मदत हवी आहे. ईशान १/४ चं दशांश रूप १.४ लिहितो आणि १/५ चं ०.५. समजावलं की मान डोलावतो, पुढच्या गणितात पुन्हा तेच. शुक्रवारी चाचणी आहे 🙏

ए-३०३: आमच्याकडे वेगळीच तऱ्हा. ०.२५ हे ०.३ पेक्षा मोठं, कारण २५ मोठे ना तीनापेक्षा!

देशपांडे काका (ए-७०१): पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीडचे पाढे, पाठ करून घ्या. सात पाऊण किती म्हटलं की झोपेतसुद्धा सव्वापाच आलं पाहिजे.

सी-१०२: काका, सव्वापाच येईल हो, पण ते ५.२५ असं लिहायचं हे कोण सांगणार 😄

देशपांडे काका (ए-७०१): ते आम्हाला पैशांनी शिकवलं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. १६ आण्यांचा रुपया १०० पैशांचा झाला. चार आण्यांचे २५, आठ आण्यांचे ५०, इथवर सरळ. पण एका आण्याचे सव्वासहा! १/१६ म्हणजे ०.०६२५. पाव पैसा आणणार कुठून? मग एका आण्याला ६ आणि तीन आण्यांना १९ धरायचे. घरोघरी वाद.

सेक्रेटरी: उद्या ११ ते १ पाणी बंद. टाकी धुणार आहेत. बाकी चर्चा चालू द्या.

कुलकर्णी बाई (बी-५०१): ईशानची आई, तो ०.४ कसं वाचतो? ‘शून्य पॉइंट चार’ म्हणत असेल तर घोळ तिथेच आहे. पॉइंट म्हटलं की ते नुसतं टिंब उरतं, मग कुठेही टेकवलं तरी चालतं असं वाटतं. चाचणीपर्यंत त्याला ‘चार दशांश’ म्हणायला लावा. ०.२५ म्हणजे ‘पंचवीस शतांश’. असं वाचलं की अपूर्णांक तोंडातूनच बाहेर पडतो: ४/१०, २५/१००.

उलटं जाताना छेद १०, १०० किंवा १००० करायचा. ४ चे १० होत नाहीत, १०० होतात, २५ ने गुणून. मग अंशालाही २५ ने गुणा. २५/१००, म्हणजे ०.२५. ३/८ मधल्या ८ चे १०० पण होत नाहीत, थेट १००० करावे लागतात. ८ गुणिले १२५, वर ३ गुणिले १२५ म्हणजे ३७५. उत्तर ०.३७५.

ए-३०३, तुमच्या लेकीला ०.३ च्या शेवटी शून्य लावायला सांगा. तीस शतांश मोठे की पंचवीस? ती स्वतःच हसेल.

ए-३०३: क्लासमध्ये तर सरळ भागाकार करा म्हणतात.

कुलकर्णी बाई (बी-५०१): करू देत, पण नंतर. आधीच भागाकार हातात दिला की उत्तर येतं, पण चुकलेलं उत्तर खटकत नाही. १/५ अर्ध्याहून कमी आणि ०.५ म्हणजे अख्खा अर्धा, हे लिहितानाच टोचलं पाहिजे.

आणि ईशानला आत्ता वाण्याकडे पाठवा. पाऊण किलो साखर मागू दे आणि काट्यावर दिसेल तो आकडा जसाच्या तसा लिहून आणू दे.

सी-१०२: क्रिकेटमधलं ४.३ ओव्हर चालेल का बाई? आमचा मुलगा त्यातच हुशार.

कुलकर्णी बाई (बी-५०१): अजिबात नको! ते दशांश नव्हेच. ४ षटकं आणि ३ चेंडू, म्हणजे साडेचार. ४.३ षटकांत ३६ धावा झाल्या तर ४.५ ने भागायचं, रनरेट ८. आपण उंची ५.६ लिहितो तेही तसलंच, ५ फूट ६ इंच म्हणजे साडेपाच फूट. मुलं रोज हे बघतात आणि आपण त्यांना गोंधळलेली म्हणतो.

ए-३०३: १/३ चं काय करायचं? छेद १०० होतच नाही.

कुलकर्णी बाई (बी-५०१): होणारच नाही. अपूर्णांक पुरता संक्षिप्त केल्यावर छेदात २ आणि ५ सोडून दुसरा मूळ अवयव राहिला तर दशांश संपत नाही. तिथे मात्र भागाकारच करायला लावा, आणि १/७ चा. ०.१४२८५७ आणि पुन्हा १४२८५७. बाकी बाजूला लिहून ठेवू दे: ३, २, ६, ४, ५, १. सातने भागून संपत नसेल तर बाकी १ ते ६ मधलीच उरणार, त्यामुळे गाडी कधीतरी फिरून येणारच. हे मुलांना फार आवडतं.

ईशानची आई (बी-२०४): साखर आली. काट्यावर ०.७५५ होतं म्हणे. वाणीकाका म्हणाले, असू दे पाच ग्रॅम.

कुलकर्णी बाई (बी-५०१): छान! त्या शेवटच्या ५ ला काय म्हणायचं ते विचारा.

ईशानची आई (बी-२०४): ‘पाच सहस्रांश’ म्हणाला, जरा अडखळत. ७५५/१००० लिहिलंय. ५ ने भागून १५१/२०० केलं. आता त्याच्यापुढे भाग जातो का विचारतोय.

कुलकर्णी बाई (बी-५०१): नाही जात. १५१ मूळ संख्या आहे, आणि २०० ला ती भागत नाही. आता जेवायला वाढा त्याला.

देशपांडे काका (ए-७०१): पाऊणकी तरीही पाठ करून घ्या.