मदत हवी आहे: रिले बंद होतो, पंप मात्र चालूच राहतो

नमस्कार मंडळी. आमचं घर डिचोलीला. विहिरीवरच्या अर्ध्या एचपीच्या पंपासाठी ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि ५ व्होल्टचा निळा रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा विजेचा स्विच) जोडलाय. मार्चपासून छान चालला, पावसाळा लागला आणि नखरे सुरू झाले.

मोबाईलवरून बंद करतो, मॉड्यूलवरचा दिवा विझतो, पण पंप चालूच! रिलेवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकीच टिचकी मारली की 'टक्' होऊन थांबतो. परवा टाकी भरून पाणी तुळशीपर्यंत गेलं, आईने मला आणि वायफायला एकत्रच झापलं.

रिले उघडून पाहिला, संपर्कबिंदू काळे आणि खडबडीत झालेत. म्हणजे ते चिकटत असावेत. रिलेवर १० अँपिअर लिहिलंय, पण मोटर सुरू होताना नेहमी चालतानाच्या करंटच्या पाच-सहा पट ओढते, तिथेच माझं गणित चुकलं असं वाटतं. की दमट हवेचाही हात आहे?

आता रिलेने फक्त कॉन्टॅक्टर (मोटरसारखा जड भार पेलणारा मोठा रिले) चालवावा आणि त्याने पंप, असं म्हणतोय. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर (बंद होतानाचा व्होल्टेजचा झटका दाबणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लागेलच का? आणि पंप सुरू होताना कधीकधी ईएसपी रीस्टार्ट होतो, त्याला वेगळा ॲडॉप्टर पुरेल? सध्या मेन स्विच हातानेच पाडतोय.