काळी नदीच्या पाण्यातील किरणोत्सार घरी मोजता येतो का?

सदाशिवगडकर
आमचे घर काळी नदीच्या मुखाजवळ आहे. नदीच्या वरच्या अंगाला, कद्रा धरणाच्या जलाशयाकाठी, कैगा अणुवीज केंद्राच्या 220 मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या चालतात. मुलाने गायगर काउंटर विकत आणला आणि घाटावरून भरून आणलेल्या बादलीवर धरला, तेव्हा आकडा दिवाणखान्यात येतो तेवढाच आला. यावरून पाणी निर्धोक समजावे का? नदीतली मासळी आमच्या रोजच्या जेवणात असते, म्हणून विचारतो.

निवृत्त विश्लेषक
या मोजणीवरून तसा निष्कर्ष काढता येणार नाही. कैग्याच्या अणुभट्ट्या जड पाण्यावर चालतात, आणि त्या पाण्यातील ड्युटेरियमने (हायड्रोजनच्या जड प्रकाराने) न्यूट्रॉन शोषला की ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार, तयार होते. त्यातून बाहेर पडणारे बीटा कण (वेगवान इलेक्ट्रॉन) इतके दुबळे असतात की ते आपल्या काउंटरच्या नळीत शिरतच नाहीत. शिवाय ट्रिटियम पाण्याच्या रेणूचाच भाग झालेले असल्यामुळे ते गाळून किंवा उकळून वेगळे होत नाही.

प्रयोगशाळेत आम्ही नमुना आधी ऊर्ध्वपातित करत असू, मग त्यातले काही मिलिलिटर पाणी चमकद्रवात (किरणोत्साराने चमकणाऱ्या द्रवात) मिसळून कुपी काही तास अंधारात ठेवत असू, कारण खोलीतल्या उजेडाने द्रव स्वतःच चमकतो आणि आकडा फुगतो. त्यानंतर कुठे मोजणी सुरू होई. पिण्याच्या पाण्यातील ट्रिटियमसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक पातळी लिटरला 10,000 बेक्वेरेल (बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक अणुविघटन) आहे. युरोपीय संघाचा आकडा 100 आहे, पण तो धोक्याची मर्यादा नसून ‘आता कारण शोधा’ असे सांगणारी खूण आहे.

गाळ-अभ्यासक
वरील उत्तराला एक जोड देतो. पाण्यातील सर्व बीटा किरणोत्सार एकत्र मोजणाऱ्या ‘एकूण बीटा’ चाचणीतही ट्रिटियम निसटते, कारण तिच्यात पाणी आटवून उरलेला साका मोजतात आणि ट्रिटियम वाफेबरोबर निघून जाते. उलट, मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात हीच चाचणी विनाकारण घाबरवते: समुद्राच्या पाण्यातील नैसर्गिक पोटॅशियम-40 एकटेच लिटरला सुमारे 12 बेक्वेरेल भरते, तर भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा 1 आहे.

मासळीची काळजी असेल तर गाळ आणि मासे तपासणे अधिक उपयोगाचे, कारण अणुविखंडनातून तयार होणारे किरणोत्सारी सीझियम-137 चिकणमातीला घट्ट धरून बसते. ते सापडले म्हणजे केंद्रातूनच आले असे मात्र नव्हे. 1950 आणि 60 च्या दशकांतील अण्वस्त्र चाचण्यांचा अंश आजही सर्वत्र आढळतो. म्हणून केंद्राच्या वर, कोडसळ्ळी धरणाच्या बाजूला घेतलेला नमुना तुलनेसाठी हवाच.

कारवारवासी
केंद्राच्या परिसरात भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा पाणी, गाळ, मासे, दूध यांचे नमुने तपासते, आणि जनतेसाठी डोसची मर्यादा वर्षाला 1 मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या डोसचे एकक) आहे. तरीही वार्षिक सरासरीवर माझे समाधान होत नाही. पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहते, उन्हाळ्यात प्रवाह धरणातून किती पाणी सोडतात त्यावर अवलंबून असतो, म्हणजे पाण्यात मिसळलेले किती विरळ होते ते महिन्यागणिक बदलते. त्यामुळे माहिती मागताना नमुन्याची जागा, महिना आणि उपकरणाची किमान शोधमर्यादा अवश्य मागा. ती मर्यादा न देता लिहिलेल्या ‘आढळले नाही’ या शेऱ्याला काही अर्थ नसतो.

सदाशिवगडकर
सर्वांचा आभारी आहे. माहिती मागण्याच्या अर्जात ट्रिटियमचे महिनावार आकडे, आणि गाळ व माशांतील सीझियमचे कोडसळ्ळीकडचे व कद्र्याखालचे आकडे स्वतंत्रपणे मागतो. उत्तर येताच इथे मांडीन.