लग्नाच्या चित्रीकरणासाठी व्हिडिओग्राफर कसा पारखावा? (मदत हवी आहे)

नमस्कार.

माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न चार महिन्यांवर आले आहे आणि व्हिडिओग्राफर ठरवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. निवड दोघांपर्यंत आणली, पण पुढे निर्णय होत नाही. ज्यांनी घरच्या लग्नात हा अनुभव घेतला आहे किंवा जे स्वतः हे काम करतात, त्यांचा सल्ला हवा आहे.

मी इतका अडून का बसलो आहे, ते आधी सांगतो. सहा वर्षांपूर्वी ताईच्या लग्नाचे काम आम्ही केवळ तीन मिनिटांचा नमुना पाहून एकाकडे सोपवले. हाती आलेला व्हिडिओ दिसायला अतिशय देखणा होता. मात्र त्या दिवशी बाबा सर्वांसमोर पाच-सात मिनिटे बोलले होते, त्यातले एकही वाक्य त्यात धड ऐकू येत नाही. कॅमेरा दूर होता, आवाज कॅमेऱ्यावरच्याच माइकने घेतलेला होता आणि संकलन करताना त्यावर संगीत चढवले गेले. मूळ चित्रीकरण मागायला गेलो, तेव्हा ते पुसून टाकल्याचे कळले. बाबा आता नाहीत. तो भाग लागला की आई अजूनही टीव्हीचा आवाज वाढवते.

आता त्या दोन पर्यायांविषयी. पहिला एक नावाजलेला स्टुडिओ आहे. त्यांची दृश्ये खरोखर सुंदर आहेत. ड्रोन, गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारे उपकरण), संथगती, सर्व काही आहे. पण मी एकाच लग्नाची अथपासून इतिपर्यंतची फिल्म पाहायला मागितली, तेव्हा त्यांनी आणखी एक चार मिनिटांची झलक पाठवली. प्रत्यक्ष चित्रीकरणाला कोण येणार, या प्रश्नावर ‘आमच्या टीमपैकी कोणीतरी’ एवढेच उत्तर मिळाले. वीस लग्नांतले निवडक क्षण जोडले तर कोणाचाही नमुना चांगला दिसू शकतो, त्यामुळे माझा जीव धजत नाही.

दुसरीकडे दोघेच जण मिळून काम करतात. त्यांनी न मागता एका लग्नाची पावणेदोन तासांची पूर्ण फिल्म दिली आणि मी ती एका बैठकीत पाहिली. मंद उजेडाच्या प्रसंगांत चित्र दाणेदार झाले आहे, काही ठिकाणी दिव्यांमुळे पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसतात. मात्र बोलणाऱ्या प्रत्येकाचा शब्द न् शब्द स्पष्ट आहे. त्यांनी पद्धतही समजावून सांगितली: बोलणाऱ्याच्या कपड्याला छोटा माइक, सभागृहाच्या साउंड मिक्सरला जोडलेला वेगळा रेकॉर्डर, आणि या दोन्हींचा चित्राशी मेळ घालता यावा म्हणून कॅमेऱ्यावरचा माइकही चालू. एक बिघडला तरी दुसरा हाताशी राहतो.

त्यांच्याकडूनच एक गोष्ट कळली, जी मला आधी ठाऊक असती तर फार बरे झाले असते. सेकंदाला २५ चौकटींनी (फ्रेम) दिसणारे दृश्य चौपट संथ हवे असेल, तर ते १०० चौकटींनी चित्रित करावे लागते आणि अनेक कॅमेऱ्यांत संथगतीच्या खास मोडमध्ये आवाज नोंदलाच जात नाही. म्हणजे एकच कॅमेरा असेल आणि तो नेमका तेव्हा संथगतीवर असेल, तर त्या क्षणीचे बोलणे कायमचे गेले. नमुन्यात जे पाहून आपण भारावतो, त्यासाठी काय सोडावे लागते हे कोणी सांगत नाही. ४के घ्यावे की फुल एचडी, या प्रश्नाला मी त्यामानाने फारसे महत्त्व देत नाही.

माझे प्रश्न असे. आडवे पट्टे हा चित्रीकरण करणाऱ्याचा दोष समजावा की सभागृहातील दिव्यांचा? माझ्या वाचनानुसार वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यास शटर (एक चौकट टिपताना प्रकाश आत घेण्याचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवून बहुतेक दिव्यांचा हा त्रास टळतो. तसे असेल, तर त्यांना आधी सभागृहात नेऊन त्याच दिव्यांखाली चाचणी करायला सांगणे योग्य दिसेल का? दाणेदार चित्र चांगल्या लेन्सने सुधारते की अधिक प्रकाश लावावाच लागतो? पाहुण्यांच्या डोळ्यांवर प्रखर दिवे मारलेले मला नको आहेत.

मूळ चित्रीकरणाबाबतही विचारायचे आहे. सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रित केले तर एका तासाला सुमारे ४५ जीबी होतात, त्यामुळे दोन कॅमेरे आठ तास चालले तर ७२० जीबी. इतके सर्व कोणी वर्षानुवर्षे सांभाळावे अशी अपेक्षा मी करत नाही. पण मी स्वतःची हार्ड डिस्क दिली, तर मूळ फाइली मागणे या व्यवसायात रीतीला धरून आहे का, की तो संकलन करणाऱ्यावरचा अविश्वास मानला जातो? एकाच वेळी दोन कार्डांवर नोंद करणारा कॅमेरा असावा, अशी अट घालण्याचा माझा विचार आहे. करारात येणाऱ्या व्यक्तीचे नाव, ती आजारी पडल्यास पर्याय, फिल्म हाती देण्याची मुदत आणि दुरुस्तीच्या फेऱ्या लिहून घेणार आहे. यात काही राहून जात असेल तर कृपया सांगावे.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. धाकटीला पहिल्या स्टुडिओचे काम मनापासून आवडले आहे, आणि लग्न तिचे आहे. ताईच्या व्हिडिओचे दुःख तिलाही आहे, पण आपल्या लग्नाची फिल्म सुंदर दिसावी ही तिची इच्छा मला मुळीच गैर वाटत नाही. म्हणून असा विचार मनात आला आहे की चित्रीकरण स्टुडिओकडे द्यावे आणि केवळ आवाजासाठी स्वतंत्र माणूस नेमावा, जो आपल्या ध्वनिफाइली त्यांना संकलनासाठी देईल. असे कोणी केले आहे का? स्टुडिओवाले बाहेरच्या माणसाचा आवाज वापरायला तयार होतात का, आणि ही बोलणी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी कोणत्या शब्दांत करावीत? रविवारपर्यंत एकाला होकार कळवायचा आहे.