बस सरासरी 10 मिनिटांनी, मग मी जास्त का थांबतो?

दादर टीटीचा प्रवासी: महिनाभर रोज सकाळी स्टॉपवर उभं राहून वहीत वेळा टिपल्या. दोन बसमधलं अंतर सरासरी 10 मिनिटंच भरतं. मग माझं थांबणं 5 ऐवजी 8 च्या वर का जातं? आणि शेवटी येतात त्या दोन एकदम!

गणितवेडी: वही ठेवलीत, फार बरं केलंत. समजा अंतरं आलटून पालटून 2 आणि 18 मिनिटांची आहेत. सरासरी 10 च. पण दर 20 मिनिटांतली 18 मोठ्या अंतराची, म्हणून तुम्ही पोचता तेव्हा 18 च्या अंतरात सापडण्याची शक्यता 90 टक्के. तिथं सरासरी 9 मिनिटं, छोट्यात 1. हिशेब येतो 8.2. बस पॉयसाँ प्रक्रियेनं, म्हणजे आधीची कधी आली याच्याशी संबंध न ठेवता केव्हाही, आल्या तर अख्खी 10! कोपनहेगनच्या टेलिफोन कॉलना डॅनिश गणितज्ञ एर्लांगनं 1909 मध्ये हेच पॉयसाँचं गणित लावलं होतं.

जुना कंडक्टर: जोडीचं कारण मी सांगतो. पुढची गाडी सिग्नलला अडकली की स्टॉपवर माणसं साचतात, चढायला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. मागची रिकामी, ती येऊन गाठते.

दादर टीटीचा प्रवासी: ताई, काका, आभार. उद्यापासून गर्दीही टिपतो.