वर्षानुवर्षे माणसांसोबत राहून केलेले माहितीपट सुचवावेत

वाचनकट्टा:

आमच्या तालुक्याच्या गावातील वाचनालयात गेल्या वर्षापासून महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही एक माहितीपट दाखवतो. पंचवीस-तीस माणसे जमतात. त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, महाविद्यालयातील मुले आहेत आणि शेतातली कामे आटोपून येणाऱ्या काही बायकाही आहेत. मागच्या महिन्यात उत्तर मॅसिडोनियातील ‘हनीलँड’ (2019) दाखवला. ओसाड पडलेल्या डोंगरी गावात अंथरुणाला खिळलेल्या आईसोबत राहणारी हातिजे मधमाश्या पाळते आणि पोळ्यातला अर्धा मध स्वतःसाठी काढून अर्धा माश्यांसाठी ठेवते. शेजारी सात मुलांचे एक फिरस्ते कुटुंब येऊन राहते, व्यापाऱ्याच्या तगाद्यापायी त्या घरचा माणूस सगळाच मध काढून घेतो, त्याच्या उपाशी माश्या हातिजेच्या माश्यांवर तुटून पडतात आणि तिची पोळी उद्ध्वस्त होतात. एवढीच गोष्ट आहे, पण दिवे लागल्यावर कोणी उठेना. एक बाई म्हणाल्या, “त्या माणसाला वाईट कसं म्हणायचं? उचल घेतली की आपला माल आपल्या हातात राहत नाही.” त्यावर कांद्याच्या आणि उसाच्या गोष्टी निघाल्या आणि रात्रीचे दहा वाजले.

दिग्दर्शकांनी या माणसांसोबत तीन वर्षे काढली आणि 400 तासांहून अधिक चित्रीकरण केले. गावात वीज नसल्यामुळे रात्रीची दृश्ये दिव्याच्या आणि चुलीच्या उजेडात टिपली आहेत. संबंध चित्रपटात निवेदकाचा आवाज नाही, तरीही कोणाला काही समजले नाही असे झाले नाही. अशा दीर्घ सहवासातून घडलेले आणखी माहितीपट मला हवे आहेत. अडचण एकच आहे: आमच्याकडील ज्येष्ठांना पडद्यावरची इंग्रजी अक्षरे वाचता येत नाहीत. ‘हनीलँड’च्या वेळी आमच्या ग्रंथपालांनी संवादांचे मराठी भाषांतर आधी लिहून काढले आणि अंधारात टॉर्च धरून मोठ्याने वाचले. संवाद कमी असल्यामुळे ते जमले, पण दर महिन्याला जमेलच असे नाही.

पश्चिमवारा:

दीर्घ सहवास हीच कसोटी असेल तर ब्रिटनमधील ‘अप’ मालिकेचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. 1964 साली ग्रॅनडा टेलिव्हिजनने वेगवेगळ्या आर्थिक थरांतील सात वर्षांच्या 14 मुलांना बोलते केले. त्या पहिल्या भागासाठी मुले शोधण्याचे काम करणारे मायकल ॲप्टेड पुढे दिग्दर्शक झाले आणि दर सात वर्षांनी त्याच माणसांकडे जात राहिले. 2019 साली ती मुले 63 वर्षांची झाली होती. सातव्या वर्षी डोळे चमकवत अंतराळवीर व्हायचे आहे असे सांगणारा नील अठ्ठाविसाव्या वर्षी स्कॉटलंडमध्ये बेघर भटकताना दिसतो आणि बेचाळिसाव्या वर्षी लंडनमध्ये नगरसेवक झालेला असतो. मी ही मालिका सलग चार रात्री पाहिली. पाचव्या दिवशी माझ्या प्राथमिक शाळेतील वर्गाचा फोटो काढून बसलो आणि त्यातल्या एकेका मुलाचे पुढे काय झाले असेल याचा विचार करीत राहिलो.

यातील उणीवही सांगितली पाहिजे. 14 मुलांमध्ये मुली फक्त चार आहेत, आणि ती चूक होती हे ॲप्टेड यांनी स्वतः मान्य केले होते. आपल्या कट्ट्यावर मुख्यतः बायका येत असतील तर हा प्रश्न हमखास निघेल. तो निघावाच.

भीमतीर:

आपल्याला मराठी ऐकू येईल असा माहितीपट हवा असेल तर आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (2011) दाखवावा. 11 जुलै 1997 रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा जीव गेला. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. आयुष्यभर डाव्या चळवळीत गाणाऱ्या या माणसाने जाताना कपाळाला निळे कापड बांधले होते. पटवर्धन त्यांना आधीपासून ओळखत होते, कारण ‘हमारा शहर’ (1985) या त्यांच्या माहितीपटात घोगरे यांचे गाणे आहे. मित्राने निळे कापड का बांधले, हे समजून घेण्यासाठी ते 14 वर्षे वस्त्यांमधून, जलशांमधून आणि न्यायालयाच्या आवारातून फिरत राहिले.

मी तो प्रथम आमच्या वस्तीच्या मैदानात, पांढऱ्या पडद्यावर पाहिला. माझी आजी जमिनीवर मांडी घालून शेवटपर्यंत बसली होती आणि ओळखीची गाणी लागली की बरोबरीने म्हणत होती. हा माहितीपट सव्वातीन तासांहून अधिक लांबीचा आहे म्हणून बिचकू नये. जी माणसे रात्रभर जलसा ऐकतात त्यांना ही लांबी नवी नाही. मध्यंतर मात्र जरूर ठेवावे. माझे आग्रहाचे म्हणणे असे की कोणतेही दृश्य वगळून दाखवू नये, कारण मारल्या गेलेल्यांच्या घरची माणसे ज्या संथपणे बोलतात, तो संथपणाच त्या वर्षांचा हिशेब आहे.

जुनीरिळे:

वरील दोन्ही सूचना मोलाच्या आहेत, तरीही कसोटीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. फिल्म्स डिव्हिजनसाठी एस. एन. एस. शास्त्री यांनी 1967 साली केलेला ‘आय ॲम 20’ जेमतेम वीस मिनिटांचा आहे. देशाबरोबर 15 ऑगस्ट 1947 रोजी जन्मलेल्या तरुण-तरुणींना गाठून, तुम्हाला काय हवे आहे आणि या देशाबद्दल काय वाटते, एवढेच त्यात विचारले आहे. कोणी स्वप्न सांगतो, तर कोणी आपल्याला देशाशी काही देणेघेणे नाही असे सरळ सांगून टाकतो, आणि सरकारी पैशाने झालेल्या या चित्रपटात ते उत्तर तसेच ठेवले आहे. शास्त्री त्यांच्यासोबत वर्षे राहिले नव्हते. योग्य प्रश्न विचारून ते उत्तर ऐकत थांबले. बरेचसे बोलणे इंग्रजीत आहे, पण वीस मिनिटांचे भाषांतर आपल्या ग्रंथपालांना जड जाणार नाही.

दीर्घ सहवासाचे ओझे समोरच्या माणसावरही पडते. ‘अप’मधील एक जण अठ्ठाविसाव्या वर्षी सरकारविरुद्ध बोलल्यामुळे वृत्तपत्रांच्या टीकेचा धनी झाला आणि मालिकेतून बाहेर पडला, तो परतला तो थेट 56व्या वर्षी. ‘हनीलँड’च्या कर्त्यांनी मात्र पुढे हातिजेसाठी दुसऱ्या गावात घर घेतले. हे आपल्या प्रेक्षकांना जरूर सांगावे, कारण चित्रपट संपल्यावर तिचे पुढे काय झाले असे त्यांनी नक्कीच विचारले असेल.

वाचनकट्टा:

विचारले होते, आणि आम्हाला उत्तर देता आले नव्हते. येत्या शनिवारी आरंभी ते सांगेन आणि लगेच ‘आय ॲम 20’ दाखवू. ग्रंथपालांनी भाषांतराला होकार दिला आहे. ‘जय भीम कॉम्रेड’ आम्ही डिसेंबरमध्ये, सहा तारखेच्या आठवड्यात, संध्याकाळी पाचला सुरू करू आणि मधे जेवणाची सुट्टी ठेवू. त्यासाठी दिग्दर्शकांची परवानगी मागणारे पत्र आज लिहून ठेवले आहे. भीमतीर, आपल्या आजींनी जी गाणी बरोबरीने म्हटली ती कोणती होती, हे कळले तर आमच्या गावातील गायन पार्टीला त्या संध्याकाळी आधी बोलावता येईल.